सैन्यात भरती झाल्यावर दुसऱ्या दलात जायचे असेल तर: नव्या जवानांसाठी मार्गदर्शन

भूदलात भरती झालेल्या जवानाला अर्ज करून नौदलात किंवा हवाई दलात बदलून जाता येत नाही, आणि हीच गोष्ट उलट दिशेनेही लागू आहे. तरीही सेवेच्या पहिल्या एकदोन वर्षांत हा विचार अनेक तरुणांच्या मनात येतो. कुणाला आपला ओढा यंत्रांकडे आहे हे प्रशिक्षणातच कळते, कुणाचा वर्गमित्र लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्रात शिकत असतो आणि त्याचे काम आपल्याला अधिक जमले असते असे वाटू लागते. शिवाय ‘आधी मिळेल तिथे लाग, नंतर बदलून घेता येते’ असा सल्ला भरतीची तयारी करून घेणाऱ्या काही अकॅडमींत सर्रास दिला जातो. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून राहिलेल्या चांगल्या मुलांचे नुकसान होते. दल बदलण्याचे मार्ग आहेत, परंतु त्यातला प्रत्येक मार्ग नव्या निवडीतून आणि वरिष्ठांच्या परवानगीतून जातो.

बदली का मिळत नाही

भूदल आणि हवाई दल यांचे कायदे १९५० चे आहेत, तर नौदलाचा कायदा १९५७ चा आहे. जवान भरती होतो तो यांपैकी एका कायद्याखाली, ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक अटींवर. भरती अधिकारी त्या अटी वाचून दाखवतो, समजावून सांगतो आणि मग सही घेतो. भूदलाच्या कायद्यानुसार तीन महिने पगार घेतलेल्या आणि पटावर नाव असलेल्या माणसाची भरती रीतसर झाली असेच धरले जाते; भरतीच्या कागदांत काही त्रुटी राहिली होती, या कारणावरून त्याला नंतर सुटका मागता येत नाही. राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सेनादलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. हवाई दलात भरती झालेल्या व्यक्तीला ठरलेल्या मुदतीच्या आत मनाला येईल तेव्हा सेवा सोडण्याचा निरपवाद हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. नागरी नोकरीतला राजीनाम्याचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही, हे घरच्या मंडळींनीही समजून घेतले पाहिजे, कारण पुष्कळदा आग्रह त्यांचाच असतो.

पहिली पायरी: नेमके काय बदलायचे आहे ते ठरवा

दल बदलण्याची इच्छा बोलून दाखवणाऱ्या अनेक जवानांना प्रत्यक्षात काम, ठिकाण किंवा दर्जा बदलायचा असतो. हा फरक आधी ओळखावा, कारण काम बदलण्यासाठी सेवा सोडण्याची गरज नसते.

भूदलातल्या भूदलात पुष्कळ वाटा आहेत. एखाद्या ट्रेडमधून (कामाच्या प्रकारातून) दुसऱ्या ट्रेडमध्ये जाणे, ज्याला रीमस्टरिंग म्हणतात, हे पात्रता, रिकाम्या जागा आणि वैद्यकीय श्रेणी पाहून होऊ शकते. कोणत्याही रेजिमेंटचा जवान पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेससाठी स्वेच्छेने नाव देऊ शकतो. तेथील प्रोबेशन अत्यंत कठोर असते आणि त्यात न टिकलेला जवान आपल्या मूळ तुकडीत परत येतो. राष्ट्रीय रायफल्समध्ये भूदलाच्या निरनिराळ्या रेजिमेंट आणि कोअरचे जवान काही काळासाठी जातात. मानेसरच्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलात, म्हणजे एनएसजीमध्ये, प्रतिनियुक्तीवर जाता येते आणि तेथील स्पेशल अ‍ॅक्शन ग्रुप भूदलातूनच भरला जातो. नौदलात पाणबुडी शाखेसाठी किंवा मार्कोस या नौदलाच्या कमांडो दलासाठी नौसैनिक स्वतःहून पुढे येतात, तर हवाई दलाचे स्वतःचे गरुड कमांडो पथक आहे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात किंवा अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर केंद्रात तयार झालेल्या जवानाच्या पुढचे कामाचे क्षेत्र बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातून निघालेल्या जवानापेक्षा फार वेगळे असते. ‘सैन्य आवडत नाही’ असे म्हणणाऱ्याला पुष्कळदा आपली शाखाच तेवढी आवडलेली नसते.

तिन्ही दलांचे जवान एकत्र असणाऱ्या आस्थापनाही आहेत. २००१ मध्ये स्थापन झालेला अंदमान व निकोबार कमांड हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अशा ठिकाणी नेमणूक झाली तरी गणवेश, सेवाज्येष्ठता आणि रेकॉर्ड ऑफिस मूळ दलाचेच राहते. अलीकडे भूदलाच्या काही अधिकाऱ्यांना हवाई दलाच्या आणि नौदलाच्या आस्थापनांत नेमण्यात आले, त्यालाही हेच लागू आहे. ती नेमणूक असते, दलबदल नव्हे.

दुसरी पायरी: भरतीआधीचा काळ वाया घालवू नका

दल निवडण्याची सर्वांत सोपी वेळ सहीच्या आधीची असते. तिन्ही दलांच्या अग्निवीर भरतीची वेळापत्रके वेगळी असतात आणि पात्र उमेदवाराला एकाहून अधिक ठिकाणी प्रयत्न करता येतो. त्यामुळे नौदलाचा किंवा हवाई दलाचा निकाल यायचा असताना भूदलाचे बोलावणे आले, तर घरी बसून शांतपणे विचार करावा आणि भरती कार्यालयात हजर होण्याची शेवटची तारीख लेखी पाहून निर्णय घ्यावा. एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेचा अर्ज भरणाऱ्यांनी दलांचा पसंतीक्रम विचार करून लिहावा. खडकवासल्यात तिन्ही दलांचे छात्र एकत्र शिकतात, म्हणून तेथे गेल्यावर पाहू असे अनेकांना वाटते. परंतु दल ठरते ते पसंतीक्रम, गुणवत्ता यादी आणि वैद्यकीय पात्रता यांवर.

भरती झाल्यानंतर आणि कसम परेडच्या (शपथविधीच्या संचलनाच्या) आधी एक लहानसा कालखंड असतो. रंगरूटाचे प्रशिक्षण चालू असते, तो भरती झालेला असतो, पण शपथबद्ध झालेला नसतो. १९५४ च्या भूदल नियमांतील १३ वा नियम शपथ झालेल्या आणि न झालेल्या जवानांच्या डिस्चार्जचा विचार वेगवेगळा करतो. ज्याचा निर्णय खरोखर चुकला आहे, त्याने याच काळात प्रशिक्षण केंद्रातील आपल्या कंपनी कमांडरकडे लेखी अर्ज करावा. मात्र दोन महिन्यांच्या ड्रिलने पाय दुखतात म्हणून हा अर्ज करू नये. पहिल्या महिन्यांत जवळजवळ प्रत्येकाला घरी परतावेसे वाटते आणि पुढे त्यातील बहुतेकजण चांगले सैनिक होतात.

तिसरी पायरी: अधिकारी होऊन जाण्याचा मार्ग

सेवेत असलेल्या तरुणासाठी हा सर्वांत सन्मानाचा आणि फायद्याचा मार्ग आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

आर्मी कॅडेट कॉलेज, ज्याला सगळे एसीसी म्हणतात, हे सेवेतील जवानांना अधिकारी बनवणारे शिक्षणकेंद्र आहे. ते काही वर्षे पुण्यात होते आणि १९७७ मध्ये देहरादूनला हलवले गेले. आज ते इंडियन मिलिटरी अकॅडमीचा (आयएमए) भाग आहे. या प्रवेशाचे वैशिष्ट्य असे की, भूदलाच्या जवानांबरोबरच नौदलाचे नौसैनिक आणि हवाई दलाचे वायुसैनिकही येथे अर्ज करू शकतात. शिपाई पातळीवरील माणसाला सेवेत राहून एका दलातून दुसऱ्या दलात नेणारी ही रीतसर वाट आहे, आणि ती भूदलाच्या दिशेनेच जाते. वय २० ते २७ वर्षे, शिक्षण बारावी उत्तीर्ण आणि किमान दोन वर्षांची सेवा अशा अटी आजवर राहिल्या आहेत. प्रत्येक वेळी निघणाऱ्या ताज्या सूचनेतील पात्रतेचा रकाना मात्र स्वतः वाचावा. लेखी परीक्षा, मग एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाची, मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी असा क्रम असतो. निवड झाल्यावर तीन वर्षे एसीसीमध्ये शिक्षण होऊन जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते आणि त्यानंतरचे एक वर्ष आयएमएमध्ये काढून लेफ्टनंटचा हुद्दा मिळतो. बारावीनंतर पैशांअभावी कॉलेज सुटलेल्या मुलाला पदवी आणि अधिकारपद दोन्ही देणारा हा प्रवेश आपल्याकडच्या गावांत अजून पुरेसा माहीत नाही, याचे वाईट वाटते.

भूदलातून नौदलात किंवा हवाई दलात जायचे असेल तर पदवी घेऊन सीडीएस (तिन्ही दलांच्या अधिकारीपदांसाठीची सामाईक परीक्षा) किंवा एएफकॅट (हवाई दलाची स्वतःची प्रवेश परीक्षा) या परीक्षांचा विचार करावा लागतो. सीडीएस ही परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. येथे एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही आणि त्यात वर्षे जातात. आयएमए आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी (ओटीए) कोणत्याही शाखेची पदवी चालते; पण एझिमलाच्या नौदल अकॅडमीसाठी सीडीएसमधून अभियांत्रिकीची पदवी लागते, आणि हैदराबादजवळच्या हवाई दल अकॅडमीसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित असलेली पदवी किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. म्हणजे इग्नूमधून बी.ए. केलेला शिपाई सीडीएस देऊन भूदलात अधिकारी होऊ शकतो, परंतु त्याच पदवीवर नौदलाचे दार त्याला या परीक्षेतून उघडत नाही. हवाई दलाची एएफकॅट परीक्षा त्याला थोडी जवळची आहे. तिच्यातील ग्राउंड ड्यूटीच्या प्रशासन किंवा लॉजिस्टिक्ससारख्या शाखांसाठी ६० टक्के गुणांसह कोणत्याही विषयातील पदवी चालते आणि वयोमर्यादा २० ते २६ वर्षे आहे. म्हणून पदवीचा विषय निवडतानाच आपल्याला कोणत्या दलाकडे जायचे आहे हे ठरवलेले असावे, आणि ६० टक्क्यांच्या खाली घसरू नये.

वयाचे गणित कागदावर मांडून पाहावे. अठराव्या वर्षी भरती होऊन दूरशिक्षणाने पदवी घेईपर्यंत बाविसावे वर्ष उजाडते, आणि आयएमएची मर्यादा चोविसाव्या वर्षी संपते. हातात दोन-तीन संधी राहतात. शिवाय यातील बहुतेक प्रवेश अविवाहितांसाठीच आहेत. सुट्टीवर आलेल्या जवानाचे लग्न उरकून टाकण्याची घाई आपल्या गावांत केली जाते. ज्याला अधिकारी व्हायचे आहे, त्याने ही अट आईवडिलांना आधीच नीट समजावून सांगावी.

एसएसबी साधारण पाच दिवस चालते. सेवेतील जवानाला शिस्त आणि शारीरिक क्षमता यांचा फायदा मिळतो, पण स्वतःचे मत मांडणे, गटाला बरोबर घेऊन निर्णय करणे आणि सहज इंग्रजी बोलणे यांत तो मागे पडू शकतो. आदेश पाळण्याची सवय झालेल्या मनाला येथे पुढाकार दाखवावा लागतो, आणि त्याची तयारी तुकडीतल्या तरुण अधिकाऱ्यांशी बोलून चांगली होते. बहुतेक अधिकारी अशा जवानाला आनंदाने वेळ देतात. वैमानिक होण्याची इच्छा असेल तर वैमानिक अभियोग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, हे लक्षात ठेवून पूर्ण तयारीनेच जावे.

चौथी पायरी: परवानगी, आणि तीही लेखी

मार्ग कोणताही असो, अर्ज थ्रू प्रॉपर चॅनेल जाणे ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. प्लाटून हवालदाराला सांगून सीनियर जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) साहेबांकडे, तेथून कंपनी कमांडरकडे आणि शेवटी कमांडिंग ऑफिसरकडे अशी ही वाट आहे. अर्जात परीक्षेचे नाव, सूचनेची तारीख, आपली पात्रता आणि परीक्षेसाठी लागणारी रजा हे सारे स्पष्ट लिहावे. दिलेल्या अर्जाची प्रत आणि मिळालेले ना हरकत प्रमाणपत्र जपून ठेवावे. तोंडी ‘भर, काही हरकत नाही’ असे कुणी म्हटले तरी तेवढ्यावर अवलंबून राहू नये, कारण निकाल लागेपर्यंत त्या साहेबांची बदली झालेली असते.

सरकारी सेवेतील उमेदवाराने आपल्या कार्यालयप्रमुखाला लेखी कळवले आहे, असे प्रतिज्ञापन लोकसेवा आयोग मागतो. परवानगी नाकारल्याचे पत्र वरिष्ठांकडून आयोगाकडे गेल्यास उमेदवारी रद्द होऊ शकते. न कळवता परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेल्या जवानाची गाडी अनेकदा येथेच अडते, आणि कष्टाने मिळवलेली निवड हातची जाते.

अर्जाच्या आधी स्वतःची कागदपत्रे पाहावीत. शिक्षेच्या नोंदी, विशेषतः रेड इंक एंट्री (लाल शाईने नोंदली जाणारी गंभीर शिक्षा), अशा निवडींत आड येतात. सेवेत मिळवलेली बारावी किंवा पदवी पार्ट टू ऑर्डरने (सेवानोंदीतील बदलांच्या अधिकृत आदेशाने) नोंदली गेली आहे का, हे कंपनी क्लार्ककडून तपासून घ्यावे.

सेवा सोडून नव्याने भरती होण्याचा विचार असेल तर

स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी डिस्चार्ज मागता येतो, पण तो मिळेलच असे नाही. भूदल नियमांनुसार, अर्ज मंजूर करणे इष्ट आहे आणि त्यामुळे तुकडीचे संख्याबळ अवाजवी कमी होणार नाही, याची खात्री झाली तरच कमांडिंग ऑफिसर हा अधिकार वापरतो. नियमित सेवेतील जवानाला निवृत्तिवेतनासाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी स्वतःच्या विनंतीवरून निवृत्तिवेतनाशिवाय बाहेर पडलेला माणूस केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे ‘माजी सैनिक’ ठरत नाही. माजी सैनिकांसाठीचे आरक्षण आणि वयातली सवलत यांवर भिस्त ठेवून बाहेर पडणाऱ्यांना हे उशिरा कळते. नव्या दलात वय, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण सारे पहिल्यापासून असते आणि आधीची ज्येष्ठता उपयोगी येत नाही. म्हणून शिपाई म्हणून बाहेर पडून दुसऱ्या दलात पुन्हा त्याच पातळीवर भरती होण्याचा मार्ग माझ्या मते कुणीही धरू नये.

सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे डिस्चार्ज न घेता दुसरीकडे भरती होणे. भूदल कायद्याच्या ४३ व्या कलमाखाली, रीतसर डिस्चार्ज न घेता दुसऱ्या कोअरमध्ये, नौदलात, हवाई दलात किंवा प्रादेशिक सेनेत भरती होणे हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. भरतीच्या वेळी आधीच्या सेवेविषयी जाणूनबुजून खोटे उत्तर देणे ४४ व्या कलमाखाली येते आणि त्यालाही तेवढीच शिक्षा आहे. रजेवर येऊन परत न जाणाऱ्याविरुद्ध ३० दिवसांच्या गैरहजेरीनंतर चौकशी न्यायालय बसते, आणि पलायनाचा गुन्हा सिद्ध झाल्यास शांततेच्या काळातही सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. एखादा मुलगा न सांगता घरी आला असेल, तर त्याला लपवून न ठेवता त्याच्या तुकडीशी त्याच दिवशी संपर्क साधावा आणि परत पाठवावे. स्वतःहून लवकर परतलेल्याचे म्हणणे सहानुभूतीने ऐकले जाण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

अग्निवीरांसाठी

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची आहे, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातात. मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडण्यास परवानगी नाही. अत्यंत अपवादात्मक परिस्थितीत सक्षम अधिकारी ती देऊ शकतो. अशा वेळी सेवा निधीतला, म्हणजे जवानाच्या पगारातून आणि सरकारच्या वाट्यातून जमणाऱ्या रकमेतला, स्वतःचा हिस्सा व्याजासह मिळतो, सरकारचा हिस्सा मिळत नाही. योजना जाहीर झाली तेव्हाची वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस वर्षांची होती. तिच्या हिशेबाने सर्वांत लहान वयात लागलेला अग्निवीरही चार वर्षांनी साडेएकवीस वर्षांचा होतो, त्यामुळे दुसऱ्या दलात पुन्हा अग्निवीर होण्याचा बेत वयातच अडकतो.

चार वर्षांनंतरच्या वाटा मात्र खऱ्या आहेत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्स यांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा आणि वयात तीन वर्षांची सवलत जून २०२२ मध्ये जाहीर झाली, पहिल्या तुकडीसाठी ही सवलत पाच वर्षांची होती. संरक्षण मंत्रालयाने तटरक्षक दलातही १० टक्के जागा जाहीर केल्या. भूदलात चार वर्षे काढलेल्या, पण समुद्राची ओढ असलेल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मुलाने तटरक्षक दलाच्या जाहिरातींवर तिसऱ्या वर्षापासूनच लक्ष ठेवावे. दहावीवर लागलेल्या अग्निवीरांसाठी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीची आणि इग्नूमार्फत पदवीची सोय केलेली आहे. ती घेतली नाही तर वर सांगितलेले अधिकारीपदाचे मार्ग बंद राहतात.

बाहेर पडताना

डिस्चार्ज बुक, चारित्र्याचा शेरा, वैद्यकीय श्रेणी आणि सेवेत मिळवलेल्या कौशल्यांची प्रमाणपत्रे हातात घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. दहावीच्या प्रमाणपत्रावरील, आधार कार्डावरील आणि सेवापुस्तकातील नाव व जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळते का, हे सेवेत असतानाच पाहावे, कारण बाहेर आल्यावर दुरुस्तीसाठी रेकॉर्ड ऑफिसशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो. गावी पोहोचल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागदांच्या साक्षांकित प्रती घेऊन जावे, नोंदणीस आपण पात्र आहोत का ते विचारावे, आणि ज्या दलाच्या भरतीची वाट पाहत आहोत तिच्या वयाच्या सवलतीसाठी कोणता दाखला लागेल हे त्याच भेटीत लिहून घ्यावे.